मारुतीच्या पारावर फुटलेली गिटार

कुंभीटोल्यात आजही कोणाच्या हातून काही बिघडलं, भाकर करपली की सायकलची चैन उतरली, की लोक हसून म्हणतात, "काऊन बे, मुखरूचा हात लागला का?" हसा बाप्पा, हसा! हसायला काही पैसे पडत नाहीत. झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांच्या पेट्या आणि ढोलक्या ज्या माणसानं उभा जन्म सुरात ठेवल्या, त्याचं नाव एका सकाळी मातीत गेलं. ते त्यानं स्वतःच्या हातानं मातीत घातलं, हे गावात एकट्या त्याच्या बायकोला, चंदाबाईला, ठाऊक होतं. ती कित्येक वर्षं बोलली नाही. ते दिवसच असे होते की न बोलणारा माणूस शहाणा ठरायचा.

दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. गाव वैनगंगेच्या काठाला, गडचिरोलीच्या अंगाला. नदी ओलांडली की गोंडपिपरीकडचा मुलूख. मुखरू ढीवर. बाप खोडं कोरून डोंगे करायचा, आणि पोराला मासळीपेक्षा बापाच्या लाकूड तासायच्या वाकसाचाच नाद जास्त. एकदा नाटक कंपनीची पेटी गावात बिघडली, ह्यानं ती उघडून फाटका भाता चिकटवून दिला, तिथून त्याचं नाव झालं. दिवाळी झाली, धान कापून झाले, की नाटकांचा हंगाम लागतो. मग त्याच्या ओसरीवर पेट्या, ढोलक्या, तबले असे ओळीनं येऊन बसायचे. चंदाबाई म्हणायची, "दवाखान्यात तरी एवढे पेशंट नाई राहत."

बापाची एक रीत होती. नवा डोंगा नदीत घालायच्या आधी तो त्याचं वल्हं मारुतीच्या पारावर नेऊन टेकवायचा. "आधी देवाचा, मंग धन्याचा." मुखरूनं तीच रीत साजाला लावली. दुरुस्त झालेला साज गुरुवारी, बाजाराच्या सकाळी, पारावर न्यायचा, देवापुढं पहिला सूर काढायचा आणि मगच धन्याच्या हाती द्यायचा. बाजारातले लोक टोपली खाली ठेवून ऐकायला थांबत. पारावर वाजलेला साज परत कधी बिघडून आला नाही असं जो तो सांगायचा, आणि मुखरू ते ऐकून उगाच कान खाजवत बसायचा.

त्या साली मळणी उरकत आली होती तेव्हा कमळाबाई पोत्यात काहीतरी गुंडाळून त्याच्या ओसरीवर आली. कमळाबाई म्हणजे मुखरूच्या दोस्ताची विधवा. दोस्त तापानं गेला तेव्हा तिचा आदेश मांडीएवढा होता. पोत्यातून निघाली ती आदेशची गिटार.

गिटार कसली, सांगाडा होता. मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं केरळात परत जाताना ती आदेशला दिली होती. आदेशच्या वयाहून जुनी, लहानखुऱ्या अंगाची, धुरानं भिंत होते तशी काळपट पडलेली. आता तिचा पुढचा लाकडी पाट आत दबला होता, कुशीला लांब चीर होती, मान सांध्यातून हलत होती. तारा जिला बांधतात ती लाकडी घोडी एका बाजूनं उचकटली होती.

ती मोडली त्या दिवसाची आठवण काढायला गावाला आवडत नसे. आदेशचा गळा गोड, हाच त्याचा गुन्हा. जंगलातल्या एका बाजूच्या माणसांनी सांगितलं, आमच्या सभेत गाणं म्हण. नाही म्हणायची सोय होती का? म्हटलं. मग दुसऱ्या बाजूच्यांनी बोलावलं, तिकडं गायलास ना, आता इकडं गा. तिथंही गायला. झालं! इकडं आड, तिकडं विहीर. दोघांनाही वाटायला लागलं की पोरगा आपल्या बातम्या पलीकडं नेतो. शेजारच्या टोल्यावरच्या लालसूचं असंच झालं होतं. "दोन शब्द बोलाचे आहेत," म्हणून कोणी त्याला घरातून गोड बोलून नेलं, आणि पुढं तो नदीच्या रेतीत सापडला. कोणी नेलं, हे गावानं विचारलं नाही. आमच्याकडं तो प्रश्न विचारायची पद्धत नाही.

लालसूची खबर आली आणि आदेश घाटाकडं पळाला. डोंग्यात उडी मारताना गिटार त्याच्याच अंगाखाली आली. मोडकी गिटार आईच्या हातात देऊन तो पलीकडं गेला तो गेलाच.

"मुखरूभाऊ, इले बोलती कर," कमळाबाई म्हणाली. "पत्रू ढीवराच्या तोंडी निरोप आला आहे. गडचांदुरात सिमेंटच्या कामावर होता म्हणते. आता हैदराबादेत गाण्याच्या पार्टीत जमून राह्यलं त्याचं. गिटार झाली की येते, घेते, आन जाते. जाता जाता मले तोंड तरी दिसन."

"हे आणखी कोणाले बोललीस का, बाई?"

"कोणाले बोलू मी? मारुतीले नवस बोलली फक्त."

नवस! आता बोला. आमच्याकडं नवस काही मनातल्या मनात बोलत नाहीत. पारावर उभं राहून, नारळ हातात धरून, खड्या आवाजात बोलतात. चार माणसांनी ऐकलं की देवालाही मागं फिरता येत नाही, असा समज. कमळाबाईनं भर बाजारात मारुतीला सांगितलं होतं, ज्या गुरुवारी तुह्यापुढं माह्या पोराची गिटार वाजन, त्या गुरुवारी माहं लेकरू माह्या दारात येऊ दे, तुले नारळाचं तोरण बांधतो. देवानं ऐकलं की नाही ते देव जाणे. बाजारानं मात्र नीट ऐकलं.

मुखरूनं पोतं तिच्याकडं सरकवलं. पण दारात आलेला साज त्यानं कधी परतवला नव्हता. त्यानं पोतं आत घेतलं.

काम नाजूक होतं. शिवणीच्या वाळल्या लाकडाच्या चकत्या काढून त्यानं चिरेला आतून ठिगळं लावली. सरस उकळला, त्याचा तो कुबट वास घरभर भरला, चंदाबाईनं पदर नाकाला लावला. दबलेला पाट ओल्या फडक्यानं शेकून हळूहळू वर आणला, आतून टेकू म्हणून नवा आडवा धीरा दिला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गिटारीला अशा करकचून गुंडाळल्या की चंदाबाई म्हणाली, "बाळंतिणीचं पोट बांधून राह्यले का?" मुखरू हसला. तो त्या हंगामात तेवढंच हसला.

कारण पहिल्याच गुरुवारी ते दोघं आले. मारुतीच्या पारासमोर भज्यांचं दुकान आहे, त्याच्या बाकावर बसले. एकाच्या गळ्यात चौकड्यांचा दुपट्टा. दुसरा मांडीवर प्लास्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, घसर घसर, घसर घसर. बाजार उठला तेव्हा दुपट्टेवाला मुखरूच्या ओसरीवर आला आणि विचारल्याशिवाय बसला.

"भाऊ, साज कवा होते?"

"कोणता जी?"

"गिटार. गाना आयकाचा शोक आहे आमाले. पारावर वाजन तवा बोलवजा. वाजल्यावर धनी येईनच ना न्याले?"

किती गोड बोलला! चहा मागून घेतला, चंदाबाईला "बाई" म्हणाला, कप स्वतः विसळून ठेवला. तो गेल्यावर मुखरू उंबऱ्याशी बसून राहिला. ही माणसं कोणाची, ह्या बाजूची की त्या बाजूची, हे त्याला कळलं नाही आणि कळून फरकही पडणार नव्हता. लालसूला नेणारासुद्धा गोडच बोलला होता.

तो तसाच उठून कमळाबाईकडं गेला. ती भिंतीला चुना लावत होती, पोरगा येणार म्हणून.

"बाई, आदेशले निरोप धाड. म्हणा, येऊ नोको. बाजारात माणसं बसून राह्यली त्याच्यासाठी."

"कोणते माणसं?" कमळाबाईनं कुंचा खाली टाकला. "कुठी आहेत? दाखव मले. मी विचारतो त्याइले, माह्या लेकरानं काय घोडं मारलं तुमचं!" आणि ती खरोखर पदर खोचून बाजाराच्या वाटेला लागली. तशीच होती ती, मनात आलं की ओठावर. मुखरूनं धावत जाऊन तिला अडवलं.

"गंमत केली बाई. गंमत केली."

"अशी गंमत करत असते का, भाऊ?" तिच्या डोळ्यात पाणी आलं. "तुले तं सारीकडं भूतच दिसते."

त्या दिवशी मुखरूनं ओळखलं की हिला सांगणं म्हणजे पोराला आपल्या हातानं धरून देणं. पत्रूला सांगावं तर पत्रू पलीकडच्या काठावर, आणि मधल्या माणसाचा कान कोणाचा, हे कोणी सांगावं? कुंभीटोल्यात तेव्हा भिंतीलाच काय, पाण्यालाही कान होते.

मग त्यानं दिरंगाई सुरू केली. सरस वाळला नाही. खुंट्या गंजल्या आहेत. तारा नाहीत. कमळाबाई रोज चकरा मारायची. गुरुवार आला की बाकावर ते दोघं हजर. शेवटी नाटक कंपनीचा पेटीवाला नानाजी चंद्रपूरला गेला होता, त्यानं तारा आणून दिल्या. दुकानदारानं दोन जुड्या दिल्या होत्या, एक नायलॉनची आणि एक पोलादी. "कोणती लागते ते तू पाह्य," नानाजी म्हणाला. मुखरूला पाहायची गरज नव्हती. असल्या जुन्या, पातळ पाटाच्या गिटारीला नायलॉनच. पोलादी तारेचा ओढा तिला सोसायचा नाही.

त्यानं नायलॉनच्या तारा चढवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची रीत मोडली. दुपारची वेळ, दार लावून घेतलेलं. त्यानं घरातच, गोधडीखाली धरल्यासारखी छातीशी धरून, एक तार छेडली. मग दुसरी. चंदाबाई तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. इतका गोड आवाज! जुन्या लाकडाला वय चढलं की जो आवाज येतो तो, भरलेला, दाणेदार. कुठं खरखर नाही, कुठं सूर हलत नाही. गिटार बरी झाली होती. मुखरूनं आजवर जे जे जोडलं होतं त्यात हे सगळ्यात चांगलं जोडलं होतं, आणि ते ऐकायला जगात दोनच माणसं होती.

"किती छान झाली हो," चंदाबाई म्हणाली.

"हो ना," मुखरू म्हणाला, आणि त्याला रडू आलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दुपट्टेवाला आत आला. बाजाराचा दिवस नव्हता, तरी आला. त्यानं गिटार पाहिली, बोट फिरवलं, कोपऱ्यातला रंधा उचलून त्याच्या पात्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"झाली दिसते, भाऊ."

"थोडी कसर आहे जी."

"तीन हप्ते झाले कसर आहे." तो अजूनही हसत होता. "येत्या गुरुवारी वाजलीच पायजे. नाई वाजली तं मंग आमी कमळाबाईलेच विचारू, पोरगा कुठी आहे म्हणून. आई आहे, सांगनच. नाई का?"

रंधा जिथल्या तिथं ठेवून तो गेला. बाहेर दुसऱ्याचा खर्रा घोटल्याचा आवाज दूर दूर गेला.

वाजवावी तर पोरगा येणार आणि मरणार. न वाजवावी तर त्याच्या आईला नेणार. मुखरू त्यानंतर जेवला नाही, नीट झोपला नाही. गुरुवारी तांबडं फुटायला चंदाबाईला जाग आली तेव्हा तो चुलीशी बसला होता. त्यानं नायलॉनच्या तारा काढून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि पोलादी चढवल्या होत्या. उकळत्या पाण्यात फडकं बुडवून तो घोडीच्या कडेकडेनं दाबत होता. सरस पाण्याला भितो, गरम पाण्याला जास्तच. आपण महिनाभर बसून लावलेला जोड तो स्वतः सोडवत होता.

"हे काय करून राह्यले?" चंदाबाई ओरडलीच.

"हळू बोल. फुटू दे. चारचौघांत फुटू दे. माणसानं मुद्दाम फोडली असं वाटलं नाई पायजे. मुखरूले जमलं नाई, एवढंच वाटलं पायजे. मंग पोट्टा येत नाई, आन त्याच्या मायले कोणी विचारत नाई."

"तुमचं नाव जाईन. देवापुढं फुटली तं कोणी दारात पाय ठेवणार नाई."

"नाव गेलं तं गेलं. त्या पोट्ट्याची गर्दन तं राहीन."

बाजार भरला. पलीकडं निरोप धाडून झालेली कमळाबाई नवं लुगडं नेसून, नारळाचं तोरण टोपलीत घेऊन पाराशी उभी होती. चेहरा असा फुललेला की बघवेना. बाकावर ते दोघं. आज त्यांच्याबरोबर आणखी दोन-तीन अनोळखी माणसं होती, घाटाच्या वाटेवर विखरून उभी, कोणी वांगी बघतोय, कोणी विडी पेटवतोय. मुखरूनं ते पाहिलं. मारुतीला हात जोडले. देवा, तुझ्यापुढं खोटं करतो आहे, माफ कर, असं तो मनातच म्हणाला. ते काही मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

मग पेटीवर नानाजीनं सूर दिला. नाटकवाल्यांची काळी पाच, गळा ताणणारी उंच पट्टी. मुखरू खुंटी पिळायला लागला. कोणाला नवल वाटलं नाही. इथं साज कोणताही असो, तो पेटीलाच मिळवतात. एक तार चढली, दुसरी चढली. गिटारीच्या पोटातून कुरकुर आली.

"बस कर, मुखरू," नानाजी हळूच म्हणाला. "ओढून राह्यली."

"सूर कमी आहे."

"पुरे झालं ना!"

"कमी आहे म्हणतो ना मी!"

त्यानं खुंटी आणखी पिळली. आणि कडाड! घोडी उखडून वर उडाली, तिच्यासंगं पाटाचं साल निघालं, सुटलेली पोलादी तार मुखरूच्या गालावर चाबकासारखी बसली. कानापासून हनुवटीपर्यंत रक्त. देवापुढं साज फुटला होता. असं कोणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "अपशकुन झाला वं माय!" आणि मग सगळीकडं कुजबुज, मुखरूचा हात गेला, फुटली, फुटली, असं करत ती घाटाकडंही गेली. लोकांना उठून जायची घाई झाली. कमळाबाई तशीच उभी होती, टोपली हातात.

दुपट्टेवाला शांतपणे पारावर आला. त्यानं मातीत पडलेली घोडी उचलली, उलटी केली, तिच्या पोटाला अंगठा लावला. दोन बोटांत काहीतरी चोळून पाहिलं.

"सरस ओला आहे, भाऊ," तो म्हणाला. "महिन्याभराचा ना?"

मुखरू सुटलेल्या तारा गोळा करत राहिला. गालावरचं रक्त सदऱ्यात उतरत होतं.

"जाऊ द्या. होते असं कधीकधी." त्यानं घोडी खिशात टाकली. "येतो पुन्हा. बोलू सवडीनं."

दुसऱ्या दिवशी कमळाबाई आली. फुटकी गिटार तिनं ओसरीवर आपटली. केस मोकळे, डोळे सुजलेले. चंदाबाईनं पाणी पुढं केलं ते तिनं लाथाडलं.

"माहं लेकरू नदीच्या मंधात आलं होतं रे! पत्रूच्या डोंग्यात, जाळ्याखाली निजून. मंधात आलं होतं! घाटावरून कोणी वरडून सांगतलं, गिटार फुटली, बाजार उठला. तिथूनच परतलं. इथी येऊन करू काय म्हणे, रिकाम्या हातानं."

मुखरूनं मान वर केली. "परतला? मंग कुठी गेला?"

"कुठी जाईन? बल्लारशाले गेला, रातच्या गाडीत बसला, गेला हैदराबादेले. पत्रूनं बसून देला."

"गाडीत बसला? पत्रूनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं?"

"पाह्यलं! आईचं तोंड न पाहता बसला! आता तो कायले येते इथी?"

मुखरू भिंतीला टेकून खाली सरकला. गालावरची पट्टी भिजली. तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला, आवरेचना.

"रड," कमळाबाई म्हणाली. "रड आता. एवढे साज जोडले आन माह्याच पोराचा तोडला. तुह्या हातानं माहं लेकरू दूर गेलं, मुखरू. तुह्या हाताले किडे पडतीन."

तिनं पहिल्यांदाच त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. चंदाबाईला राहवलं नाही. "अवं कमळाबाई, आयक तं..."

मुखरूनं हात वर केला. चंदाबाई गप्प झाली. तेव्हा तिलाही ऐकू आलं, कुंपणापलीकडं, कडुलिंबाच्या सावलीत कोणीतरी बसलं होतं आणि खर्रा घोटत होतं. घसर घसर, घसर घसर.

मुखरूनं डोळे पुसले आणि बाहेरच्यालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हो बाई. खरं आहे तुहं. माह्याच हातानं गेलं."